डोक्याला वायरी लावून नेमकं काय कळतं? आकडीच्या तपासणीपासून विचारांवर चालणाऱ्या यंत्रापर्यंत

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ईईजी' लिहून दिलं की घरात चर्चा सुरू होते. 'डोक्याला शॉक देतात काय?' 'मनातलं सगळं कळतं म्हणे त्यात.' 'पोरीचं लग्न व्हायचंय अजून, कशाला हवी ही तपासणी?' दुसरीकडे त्याच घरातल्या मोबाईलवर व्हिडिओ येतो. त्यात अंग लुळं पडलेला माणूस नुसत्या विचाराने यंत्राचा हात हलवतो, कॉम्प्युटरवर अक्षरं लिहितो. बघणारा म्हणतो, आपल्या गावातल्या अमक्यालाही असं यंत्र मिळालं तर!

या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच विद्या आहे, मेंदूच्या लहरींची नोंद घेण्याची. तिच्याबद्दल भीतीही फार आहे आणि अपेक्षाही फार. त्यामुळे यातलं खरं किती, आज हाताशी काय आहे आणि अजून लांब काय आहे, हे नीट समजून घेऊया.

मेंदूत वीज असते म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी पेशी असतात. या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या झटक्यांनी बोलतात. एकट्या पेशीचा आवाज कवटीबाहेर येत नाही. पण लाखो पेशी एका ठेक्यात काम करायला लागल्या की त्यांचा मिळून एक हलका तरंग डोक्याच्या कातडीपर्यंत पोचतो. तो किती हलका? टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. मेंदूची लहर कातडीवर त्याच्या साधारण तीस हजाराव्या भागाएवढी भरते.

ईईजीचं यंत्र ही लहर पकडतं, मोठी करतं आणि पडद्यावर रेघांच्या रूपात दाखवतं. डोक्यावर ठरलेल्या जागी साधारण वीसेक छोट्या चकत्या चिकट पेस्ट लावून बसवतात. प्रत्येक चकतीला एक वायर असते. ही वायर मेंदूतून येणारा इशारा फक्त 'ऐकते', आत काही सोडत नाही. म्हणजे ईईजीत शॉक नसतो, सुई नसते, एक्स-रेसारखे किरणही नसतात. छातीचा ईसीजी काढतात, तसाच हा डोक्याचा आलेख.

आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. वेशीबाहेर उभं राहिलं तर बाजाराचा गलका ऐकू येतो. बाजार भरात आहे की उठत आला, आत भांडण लागलंय का, एवढं कळतं. पण कोण कुणाला कांद्याचा काय भाव सांगतोय, ते कळत नाही. ईईजी म्हणजे वेशीबाहेरून मेंदूचा बाजार ऐकणं. माणूस जागा आहे, झोपलाय, की मेंदूत वादळ उठलंय, हे त्यातून कळतं. मनातली गोष्ट कळत नाही.

घोड्यावरून पडलेला डॉक्टर

प्राण्यांच्या मेंदूतली वीज इंग्लंडमधल्या रिचर्ड कॅटन या डॉक्टरने १८७५ मध्येच दाखवली होती. माणसाच्या मेंदूची लहर कागदावर उतरवली ती जर्मनीतल्या येना शहरातल्या हान्स बर्गर या मानसोपचार तज्ज्ञाने, १९२४ मध्ये.

त्यामागची गोष्ट गमतीची आहे. तरुणपणी सैन्यात असताना बर्गर घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. लांब राहणाऱ्या बहिणीला वाटलं होतं की भावाला काहीतरी झालंय. मग एका मेंदूतली गोष्ट दुसऱ्या मेंदूत जाते का, हे शोधायचं त्याने मनावर घेतलं. ते काही सापडलं नाही. सापडली ती मेंदूची लहर. १९२९ मध्ये त्याने ते छापलं, पण बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून खात्री केली, तेव्हा जग वळून बघायला लागलं.

बर्गरने दाखवलेली गोष्ट आजही प्रत्येक ईईजीत दिसते. डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा वरखाली होणारी लय दिसते. डोळे उघडले की ती मोडते. गाढ झोपेत लाटा संथ होतात, सेकंदाला चारपेक्षाही कमी. झोपेच्या पायऱ्या कोणत्या, स्वप्नं कधी पडतात, भूल किती खोल लागली, हे सगळं संशोधन या लाटांच्या जोरावर उभं राहिलं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी तर १९६१ मध्ये योग्यांच्या ध्यानातल्या ईईजीवर निबंध छापला होता.

आकडी आणि ईईजी

आपल्याकडे ईईजीचं सगळ्यात मोठं काम आकडीच्या तपासणीत आहे. कुणी फिट म्हणतं, कुणी मिरगी, कुणी फेफरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान आणि औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांची आकडी थांबू शकते, असंही ही संघटना सांगते. म्हणजे दहापैकी सात जण. तरी कित्येक घरांत आधी देवऋषी, मग अंगारा, मग 'बाहेरचं बघणं' यात वर्षं निघून जातात आणि पोराची शाळा सुटते.

आकडीत होतं ते असं. मेंदूतल्या पेशी आपापल्या कामात असतात. त्यातला एक गट अचानक एकाच वेळी धडाधड वीज सोडायला लागतो. तो भाग हाताचा असेल तर हात उडतो. सगळ्या मेंदूत पसरलं तर माणूस कोसळतो. ईईजीत हे टोकदार सुळक्यांसारखं दिसतं. सुळके कुठल्या चकतीखाली दिसतात, त्यावरून आजाराचा प्रकार आणि जागा यांचा अंदाज येतो. त्यावरून औषध ठरवायला मदत होते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. 'ईईजी नॉर्मल आला, म्हणजे आकडी नाही,' असं समजून लोक गोळ्या बंद करतात. हे चूक आहे. लाईट दिवसात चार वेळा जाते, पण वायरमन येतो तेव्हा नेमकी चालू असते. म्हणून फॉल्ट नाही असं होतं का? ईईजी साधारण अर्ध्या तासाचा असतो. तेवढ्या वेळात सुळके दिसतीलच असं नाही. आकडीच्या बऱ्याच रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. उलट, काही निरोगी माणसांच्या ईईजीतही बारीकसारीक वेगळेपण दिसतं. म्हणून निदान होतं ते झटका नेमका कसा आला या माहितीवरून. ईईजी त्याला जोड देतो.

आणि इथेच तुमच्या हातातला मोबाईल उपयोगी पडतो. झटका आला तर एकाने रुग्णाला सांभाळावं, दुसऱ्याने व्हिडिओ काढावा आणि तो फक्त डॉक्टरांना दाखवावा. कुठला हात आधी उडाला, डोळे कुठे फिरले, किती वेळ चाललं, हे त्यात दिसतं. घाबरलेल्या माणसाला नंतर हे नीट सांगता येत नाही.

झटका आला तर एवढं करा:

– घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार, गरम वस्तू बाजूला करा.
– कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. माणसाला कुशीवर वळवा.
– हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, कापड, बोट काहीही घालू नका.
– कांदा, चप्पल हुंगवू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका.
– पाच मिनिटांच्या वर चाललं, किंवा शुद्धीवर न येता दुसरा झटका आला, तर लगेच १०८ला फोन करा.

ईईजीला जाताना

आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल लावू नका. तेल असलं की चकत्या नीट बसत नाहीत. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. उपाशी राहायची गरज नसते. काही वेळा आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात, कारण झोप लागतानाच्या लहरींत दोष लवकर सापडतो. तपासणीत डोळे उघडझाप करायला, जोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. हलू नका, दात खाऊ नका. पापणी लवली किंवा जबडा हलला तरी त्याची वीज मेंदूच्या लहरीपेक्षा मोठी उमटते आणि आलेख बिघडतो.

ईईजीची सोय प्रत्येक ठिकाणी, रोज असतेच असं नाही. गाडीभाडं करून निघण्याआधी दवाखान्यात फोन करून दिवस आणि वेळ विचारून घ्या.

लग्नाची भीती वाटणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी आकडीचा आजार हा लग्नाला अडसर मानला होता. १९९९ मध्ये कायदा बदलून तो शब्द काढून टाकला. आकडी आहे म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. लपवून लग्न करायचं आणि सासरी गोळ्या बंद करायच्या, यात मात्र पोरीचा जीव धोक्यात जातो.

बाळाची 'बेरा' तपासणी हीसुद्धा मेंदूच्या लहरींचीच

बाळ आवाजाकडे वळत नाही म्हणून डॉक्टर 'बेरा' करायला सांगतात. बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे चकत्या लावतात आणि कानात टिक-टिक असा आवाज सोडतात. कानाकडून मेंदूच्या देठापर्यंत इशारा जातो तो पहिल्या दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात. एका टिकचा इशारा गलक्यात बुडून जातो. म्हणून हजार-दोन हजार वेळा आवाज देऊन कॉम्प्युटर त्याची सरासरी काढतो. गलका एकमेकांत जिरतो आणि खरा इशारा वर येतो.

ज्या बाळाला 'ऐकू येतं का' हे सांगता येत नाही, त्याच्या मेंदूलाच विचारून घ्यायची ही रीत. इथे वेळ महत्त्वाची. बहिरेपण लवकर कळलं आणि मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसलं, तरच बोलणं नीट येतं. 'आमच्यात पोरं उशिराच बोलतात' म्हणून तीन-चार वर्षं घालवू नका. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा.

विचारावर चालणारं यंत्र: ते कसं चालतं?

हीच सरासरीची युक्ती वापरून १९८८ मध्ये अमेरिकेतल्या फारवेल आणि डॉन्चिन या दोघांनी एक लिहिण्याचं यंत्र केलं. पडद्यावर अक्षरांचा सहा बाय सहाचा चौकोन. त्यातली एकेक आडवी आणि उभी ओळ लुकलुकते. माणसाने फक्त आपल्याला हव्या अक्षराकडे ध्यान द्यायचं. आपली ओळ चमकली की मेंदू 'हीच ती!' असं म्हणतो आणि सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक ठळक लहर उठते. कॉम्प्युटर ती ओळखतो आणि आडवी-उभी ओळ जुळवून अक्षर लिहितो. वेग होता मिनिटाला दोन-तीन अक्षरं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी पूर्ण लुळ्या पडलेल्या दोन रुग्णांना मेंदूच्या लहरींवर पत्रं लिहायला शिकवलं. त्यांच्यासाठी ती दोन-तीन अक्षरंसुद्धा फार मोठी होती.

दुसरा मार्ग हालचालीच्या विचाराचा. उजवी मूठ आवळायचा नुसता विचार केला तरी मेंदूच्या डाव्या बाजूची एक लय मंद होते. डाव्या हाताचा विचार केला तर उजव्या बाजूची. कॉम्प्युटर हा फरक ओळखून खुर्ची डावीकडे-उजवीकडे वळवू शकतो. १२ जून २०१४ रोजी ब्राझीलमध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनाला कमरेखाली लुळ्या असलेल्या एका तरुणाने असाच यांत्रिक सांगाडा घालून चेंडूला पाय लावला.

अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे लकवा झालेल्या रुग्णांसाठीही हा मार्ग उपयोगी पडतोय. रुग्ण हात उघडायचा विचार करतो, ईईजी तो पकडतो आणि हाताला बांधलेलं यंत्र हात उघडतं. विचार आणि हालचाल पुन्हा पुन्हा जुळली की मेंदू नवी वाट शोधायला शिकतो. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा एका यंत्राला सरकारी मंजुरी मिळाली.

वेशीच्या आत जाणारी यंत्रं

व्हिडिओत दिसणारे सगळ्यात थक्क करणारे प्रयोग मात्र टोपीवाले नसतात. त्यात कवटी उघडून, मेंदूवर किंवा मेंदूत बारीक तारा बसवलेल्या असतात. म्हणजे वेशीबाहेरून नाही, तर बाजारात दुकानाशेजारी उभं राहून ऐकणं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतली एक बाई, सुमारे पंधरा वर्षं हातपाय न हललेली, यंत्राच्या हाताने बाटली उचलून स्वतः कॉफी प्यायली. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात बोलू न शकणाऱ्या एका बाईच्या मेंदूतले इशारे मिनिटाला सुमारे ७८ शब्दांच्या वेगाने बोलण्यात बदलता आले. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं.

हे सगळं खरं आहे. पण हे मोजक्या रुग्णांवरचे प्रयोग आहेत. ऑपरेशन आहे, संसर्गाचा धोका आहे, सोबत तज्ज्ञांची फौज आहे. 'पैसे भरा, बसवून देतो' असं कुणी म्हणत असेल तर लांब राहा.

आणखी एक. मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत हात गेलेल्या माणसाला बॅटरीवर चालणारा हात बसवतात. तो डोक्यातल्या लहरींवर नाही, तर उरलेल्या हाताच्या स्नायूंच्या इशाऱ्यावर चालतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगसुद्धा शेवटची बरीच वर्षं गालाच्या स्नायूच्या बारीक हालचालीने लिहायचे. जिथे एखादा स्नायू हलतो, तिथे मेंदूच्या लहरींपेक्षा तो जास्त भरवशाचा.

बिनपैशाची युक्ती: वर्णमालेची पाटी

घरात बोलता न येणारा, पण समजणारा रुग्ण असेल तर यंत्राची वाट बघू नका. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ओळी लिहा. पहिलीत स्वर, दुसरीत क ख ग घ, तिसरीत च छ ज झ, अशा. शेवटच्या ओळीत नेहमीच्या गरजा: पाणी, दुखतंय, कूस बदला, लघवी, उकडतंय. तुम्ही एकेक ओळ बोटाने दाखवत जा. हवी ती ओळ आली की रुग्णाने पापणी लववायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा नसल्या तरी चालतं, घरच्यांना शब्द कळतो. अमेरिकेतल्या त्या यंत्राची आणि या पाटीची पद्धत एकच, ओळ निवडा, मग अक्षर. फरक एवढाच की तिथे लहर बघतात, इथे पापणी.

बेशुद्ध माणूस खरंच काही ऐकत नाही का?

२०११ मध्ये इंग्लंड आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी १६ रुग्ण तपासले. सगळे डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही, असे. त्यांना सांगितलं, 'मूठ आवळायचा विचार करा.' शरीर हललं नाही, पण तिघांच्या ईईजीत सांगितल्याप्रमाणे फरक दिसला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे २४१ रुग्ण ईईजी आणि मेंदूच्या स्कॅनने तपासले, त्यात ६० जणांचा मेंदू सूचना पाळत होता. म्हणजे चारात एक.

प्रत्येक रुग्णाचं असंच असेल असा याचा अर्थ नाही. पण खाटेशेजारी उभं राहून जमिनीच्या वाटणीचं किंवा 'आता काही खरं नाही' असलं बोलण्याआधी थांबावं, एवढं नक्की. त्याच्याशी नावाने बोला, घरचं सांगा.

मनातलं चोरता येतं का?

गुन्ह्याच्या तपासात 'ब्रेन मॅपिंग'चं नाव येतं. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात असल्या चाचणीचा आधार घेतला गेला आणि जगभर चर्चा झाली. मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंगची चाचणी कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाही. माणसाची संमती हवीच.

हाच नियम संशोधनाला लागू आहे. मोठ्या दवाखान्यात 'आमच्या अभ्यासात भाग घ्या, डोक्याच्या लहरी नोंदवायच्या आहेत' असं विचारलं, तर घाबरू नका, पण विचारून घ्या. कशासाठी आहे? दवाखान्याच्या नैतिक समितीची परवानगी आहे का? नोंदी कुणाकडे राहणार? माहितीचा कागद मराठीत मागा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. नाही म्हटलं किंवा मधेच सोडलं तरी चालू उपचार बंद करता येत नाहीत.

आणि 'मुलाच्या मेंदूचं मॅपिंग करून करिअर सांगतो', 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन करून डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवतो' असं सांगून हजारो रुपये मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. ज्या विद्येला बाजाराचा गलका कळतो पण कांद्याचा भाव कळत नाही, ती दहा वर्षांच्या पोराचं नशीब सांगणार नाही.

घरात कुणाला झटके येत असतील तर या आठवड्यात एवढं करा: झटक्यांच्या तारखा वहीत लिहा, व्हिडिओ असेल तर जपून ठेवा आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. ईईजी लागला तर तो करा, गोळ्या सुरू झाल्या तर सांगितलं तेवढे दिवस चुकवू नका. बहुतेकांची आकडी रोजच्या गोळीनेच थांबते.